मुलाचे ऑपरेशन ठरले आहे? आधी त्याच्या वजनाकडे आणि ताटाकडे पाहा

मुलाचे ऑपरेशन करायचे ठरले की घरात बरेच प्रश्न सुरू होतात. कुठे करायचे, खर्च किती येईल, योजनेत बसते का, भूल दिल्यावर शुद्धीवर नीट येईल ना, टाके किती पडतील. मूल रोज काय खाते आणि त्याचे वजन किती आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. मग सगळी जुळवाजुळव करून मुलाला मोठ्या रुग्णालयात नेले जाते, भूलतज्ज्ञ त्याला वजनकाट्यावर बसवतात, रक्ताचा रिपोर्ट पाहतात आणि सांगतात, "वजन कमी आहे, रक्त कमी आहे. दोन महिन्यांनी या."

मी आळ्याला जनरल प्रॅक्टिस करतो. मुलांची ऑपरेशने मी करत नाही. ती पुण्याला होतात, नाहीतर माळशेज घाट उतरून मुंबईला. पण ऑपरेशनच्या आधीचे दोन महिने आणि नंतरचे दोन महिने मूल आमच्याच भागात, आपल्या घरी असते. ऑपरेशन कितपत मानवणार हे बरेचसे या चार महिन्यांत ठरते, आणि म्हणूनच हा लेख.

एक उदाहरण सांगतो. जुन्नरच्या पश्चिम भागातल्या एका गावातला दीड वर्षाचा मुलगा. टाळू जन्मतः दुभंगलेला. ऑपरेशनची तारीख मिळाली, आईवडील हिरड्याचा हंगाम सोडून पुण्याला गेले आणि तिसऱ्या दिवशी तसेच परत आले. वजन ७.२ किलो, हिमोग्लोबिन ७.८. आळेफाट्याला एसटी बदलताना आई मुलाला घेऊन माझ्याकडे आली. तिचा पहिला प्रश्न होता, "डॉक्टर, अजून कसला आजार निघाला याला?"

वेगळा आजार काही नव्हता. टाळूला भोक असल्याने दूध नाकातून बाहेर येई, ठसका लागे, मूल थकून झोपून जाई. रोज थोडे कमी, असे दीड वर्ष चालले होते. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन नाकारले नव्हते, मुलाला तयार करून आणायला सांगितले होते. हा फरक तिला त्या दिवशी कोणी नीट समजावला नव्हता.

ऑपरेशन म्हणजे शरीरावरचा मोठा खर्च

जखम भरणे म्हणजे नवे मांस, नवी कातडी तयार होणे. त्यासाठी प्रथिने लागतात, जस्त लागते, क जीवनसत्त्व लागते. जंतूंशी लढणाऱ्या पेशीही प्रथिनांपासूनच बनतात. ऑपरेशननंतर शरीराची ही मागणी वाढते आणि नेमके त्याच वेळी मुलाचे खाणे कमी झालेले असते. अशा वेळी शरीर स्वतःचे स्नायू मोडून प्रथिने मिळवते. मोठ्या माणसाकडे मोडायला बरेच काही असते. लहान मुलाकडे साठाच थोडा असतो. यकृतातली साखर तान्ह्या बाळात काही तासांच्या उपवासाने संपत येते. त्यात मूल आधीच कुपोषित असेल तर श्वासाचे स्नायूही अशक्त असतात, अंगात ऊब टिकत नाही, भुलीच्या औषधांचा असर लांबू शकतो, टाके उसवू शकतात आणि छातीत कफ साठून न्यूमोनिया होण्याची भीती वाढते.

हे थोड्या मुलांपुरते आहे असे समजू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, सुमारे २६ टक्के उंचीच्या मानाने रोडावलेली आढळली. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी जवळपास ६९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय होता. म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावर येणाऱ्या मुलांमध्ये अशक्त मूल हा अपवाद नाही.

आणि ते फक्त डोंगरपट्ट्यातच असते असेही नाही. आळे, ओतूर, नारायणगाव हा बागायती भाग. इथे अशी घरे मी पाहतो जिथे गोठ्यात दोन गाई आहेत, दोन्ही वेळचे दूध डेअरीला जाते आणि पोराला सकाळी कोऱ्या चहाबरोबर बिस्किटाचा पुडा मिळतो. चहाने भूक मरते आणि अन्नातले लोहही नीट शोषले जात नाही. पोट भरल्यासारखे वाटते, मूल रडत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

आपले मूल कमी वजनाचे आहे, हे कसे ओळखायचे?

नुसते बघून नाही. आईच्या डोळ्याला आपले मूल रोज तसेच दिसते, आणि काही कुपोषित मुले तर अंगावर सूज असल्याने गुबगुबीत वाटतात. दोन्ही पायांवर अंगठ्याने थोडा वेळ दाबल्यावर खळगा पडून राहिला तर ती सूज आहे. अशा मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

बाळाचे जन्माचे वजन साधारण पाचव्या महिन्यात दुप्पट आणि वर्षाचे होताना तिप्पट व्हायला हवे. एक ते सहा वर्षांच्या मुलासाठी ढोबळ हिशेब असा: वयाची दुप्पट करा आणि त्यात आठ मिळवा. तीन वर्षांच्या मुलाचे वजन १४ किलोच्या आसपास हवे. दोन-अडीच किलोने कमी असेल तर घाबरू नका, पण विचारा.

अंगणवाडी ताईंकडे दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण, म्हणजे अंगणवाडीच्या भाषेत 'सॅम'. ११.५ ते १२.५ च्या मधे असेल तर 'मॅम'. वर सांगितलेल्या मुलाचा घेर ११.८ होता. ही पट्टी आणि वजनाचा तक्ता दोन्ही गावातच, फुकट उपलब्ध आहेत. ऑपरेशनला जाताना अंगणवाडीतल्या वजनांची नोंद कागदावर उतरवून न्या. सर्जनला एका वजनापेक्षा सहा महिन्यांतली चाल जास्त कळते. मोठ्या मुलांच्या बाबतीत साधे प्रश्न पुरतात: गेल्या महिन्या-दोन महिन्यांत चड्डी सैल झाली का, नेहमीच्या निम्मेच जेवतो का, उलट्या-जुलाब वरचेवर होतात का. एखाद्याही प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा.

थांबायचे कधी आणि थांबायचे नाही कधी

दुभंगलेला ओठ, टाळू, न अडकलेला हर्निया, न उतरलेले अंडकोश, वाकडी पावले, टॉन्सिल ही ऑपरेशने ठरवून करायची असतात. त्यात काही आठवडे मिळतात आणि ते सत्कारणी लावता येतात. ओठाच्या ऑपरेशनसाठी सर्जन मंडळींचा जुना 'दहाचा नियम' आहे: बाळ दहा आठवड्यांचे, वजन दहा पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो, आणि हिमोग्लोबिन दहा. आजचे सर्जन त्यात थोडे इकडेतिकडे करतात, पण हिशेब तोच राहतो.

याउलट अपेंडिक्स फुटणे, आतड्याला पीळ पडणे, हर्निया अडकणे, यात वजनाची वाट पाहायची नसते. मूल कितीही अशक्त असो, ऑपरेशन आधी. पोषण नंतर आणि अधिक काळजीने.

तिसरा प्रकार मधला आहे आणि तिथेच गैरसमज जास्त होतात. हृदयाला मोठे छिद्र असलेले बाळ दूध ओढताना घामाघूम होते, दोन मिनिटांत थकते. त्याचे हृदय आणि फुप्फुसे इतकी शक्ती खातात की वाढीला काही उरत नाही. "वजन वाढवून आणतो" म्हणून असे कुटुंब वर्षभर घरी थांबलेले मी पाहिले आहे. त्या बाळाचे वजन न वाढण्याचे कारणच ते छिद्र आहे. थोडे-थोडे, वरचेवर, अधिक कस असलेले दूध देऊन जेवढे वाढते तेवढे वाढवायचे, पण हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली तारीख स्वतःहून पुढे ढकलायची नाही.

मिळालेल्या सहा-आठ आठवड्यांत काय करायचे

महागड्या डब्यातल्या पावडरीची गरज बहुतेक मुलांना नसते. कमी आकारमानात जास्त कस, एवढेच सूत्र. लहान मुलाचे पोट लहान असते, पातळ पेजेने ते भरते पण पोसले जात नाही. त्याच पेजेत एक चमचा तेल किंवा तूप घातले की ४५ कॅलरी वाढतात. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट आणि गूळ हा आपल्याकडचा सर्वात स्वस्त टॉनिकचा डबा आहे. फक्त लहान मुलाला अख्खे दाणे देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. नाचणीचे सत्त्व दुधात, मऊ भातावर घट्ट वरण आणि तूप, मूगडाळीची खिचडी, मोड आलेल्या मटकीची कुस्करलेली उसळ, केळे, दही. मांसाहारी घरात अंडे रोज, कधी सुकटाची पूड खिचडीत. दिवसातून पाच-सहा वेळा, आणि मुलाची वेगळी वाटी, म्हणजे त्याने किती खाल्ले ते कळते. मोठ्यांच्या ताटातले चार घास भरवले की "खातो की तो" असे वाटत राहते.

दूध पाणी घालून पातळ करू नका. वरच्या दुधात निम्मे पाणी घालायची पद्धत अजून आहे. त्याने बाळाचे पोट भरते आणि निम्मा कस निघून जातो. सहा महिन्यांपर्यंत आईचे दूधच, आणि वर्षापर्यंत गाईचे दूध हा मुख्य आहार नको.

टाळू दुभंगलेल्या बाळाला आडवे निजवून पाजू नका. जवळजवळ बसते करून, पिळून काढलेले आईचे दूध वाटी-चमच्याने किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने गालाच्या बाजूने थोडे-थोडे सोडायचे, मधे ढेकर काढायची, आणि अर्ध्या तासात आटोपायचे. त्याहून जास्त वेळ चालले तर मिळते त्यापेक्षा जास्त शक्ती मूल पिण्यातच घालवते.

रक्त वाढवायचे औषध आणि जंताचे औषध डॉक्टर वजन पाहून देतील. दोन्ही स्वतःच्या मनाने सुरू करू नका. विशेषतः तीव्र कुपोषित मुलाला लोहाचे औषध पहिल्या दिवसापासून देत नाहीत. भूक परत येऊन वजन वाढू लागले की मग देतात. तसेच अतिशय रोडावलेल्या मुलाला अचानक भरपूर खायला घालणेही धोक्याचे असते. उपाशी शरीरात एकदम अन्न आले की रक्तातले पोटॅशियम आणि फॉस्फेट झपाट्याने खाली येते आणि हृदयावर ताण पडतो. म्हणून 'सॅम' मुलाचे पहिले दिवस पोषण पुनर्वसन केंद्रात, मोजून-मापून दिलेल्या दुधावर काढावे लागतात. आशा ताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र तिथे पाठवण्याची व्यवस्था करते.

टाळूच्या त्या मुलाचे वजन आठ आठवड्यांत सव्वा किलोने वाढले, हिमोग्लोबिन १०.४ झाले. आई दर सोमवारी वजन करायला यायची आणि आकडा काट्यावर दिसायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघायची. एका आठवड्यात जुलाब झाले आणि २०० ग्रॅम गेले, तेव्हा तिने सगळे सोडून द्यायची भाषा केली होती. असा एखादा आठवडा जवळपास प्रत्येक मुलाच्या वाट्याला येतो.

उपाशी किती वेळ ठेवायचे?

भूल देताना पोटात अन्न असेल तर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकते आणि त्याने जीव जाऊ शकतो. म्हणून उपास. पण "रात्रीपासून काही देऊ नका" हा सरसकट नियम लहान मुलांना आता लागू करत नाहीत. सर्वसाधारण अंतरे अशी आहेत: हलके जेवण किंवा वरचे दूध सहा तास आधीपर्यंत, आईचे दूध चार तास आधीपर्यंत, साधे पाणी किंवा साखरपाणी दोन तास आधीपर्यंत. तळलेले, तेलकट खाणे झाले असेल तर आठ तास. दुधाचा चहा हा पाण्यात मोडत नाही, तो दुधात मोडतो. तुमच्या मुलासाठी नेमकी वेळ भूलतज्ज्ञ सांगतील, आणि त्यांनी सांगितले तेच पाळायचे.

अडचण वेगळीच होते. सकाळी नऊचे ऑपरेशन दुपारी दोनवर जाते आणि मूल चौदा तास उपाशी राहते. कोणी मुद्दाम करत नाही, यादी पुढेमागे होते. अशा वेळी सिस्टरना विचारायला संकोच करू नका: "नंबर केव्हा येईल? तोवर पाणी पाजू का?" आणि दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे दया येऊन लपवून बिस्किट देणे. दिलेच असेल तर रागावतील म्हणून लपवू नका. ऑपरेशन काही तास पुढे जाईल, एवढेच.

ऑपरेशननंतर: सलाईन म्हणजे जेवण नव्हे

साखरेच्या पाच टक्क्यांच्या सलाईनची अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे २५ ग्रॅम साखर, जेमतेम ८५ कॅलरी. मध्यम आकाराच्या एका केळ्याइतकीही नाही, आणि प्रथिने शून्य. सलाईन पाणी आणि क्षार पुरवते, ताकद देत नाही. म्हणून डॉक्टरांनी "आता तोंडाने सुरू करा" म्हटले की "अजून एक बाटली लावा ना" असा आग्रह धरू नका.

आतडे चालत असेल तर अन्न आतड्यातूनच जावे, हा आजच्या उपचाराचा पाया आहे. अन्न मिळाले नाही तर आतड्याचे अस्तर झिजते. मूल गिळू शकत नसेल तर नाकातून बारीक नळी घालून दूध देतात. नळी पाहून नातेवाईक घाबरतात, पण ती शेवटच्या अवस्थेची खूण नाही. ताटाऐवजी नळी, एवढाच अर्थ. आतडेच काही दिवस वापरता येत नसेल तर मोठ्या शिरेतून संपूर्ण पोषण देता येते. अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये १९६० च्या दशकात स्टॅनले डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ सगळे लहान आतडे गमावलेल्या नवजात मुलीला याच मार्गाने पोसून वाढवून दाखवले, तेव्हापासून ही पद्धत रुळली. ती महाग आहे, जंतुसंसर्गाचा आणि यकृताला त्रास होण्याचा धोका तिच्यात आहे, त्यामुळे दुसरा मार्ग नसेल तेव्हाच.

घरी आल्यावर खरी परीक्षा पथ्याची. फुटलेल्या अपेंडिक्सचे ऑपरेशन झालेली नऊ वर्षांची एक मुलगी घरी आल्यावर बाराव्या दिवशी माझ्याकडे आली. टाक्यांची कडा उघडलेली, वजन २२ किलोवरून १९. बारा दिवस तिला भाताचे पाणी आणि साबुदाण्याची पेज मिळत होती. डाळ, अंडे, दूध बंद, कारण "त्याने जखमेत पू होतो". आजीने हे सगळे जिवापाड मायेने केले होते, रात्री उठून पेज गरम करून पाजली होती. आजीला मी एवढेच विचारले की, बाळंतिणीला डिंकाचे लाडू का देता? तिने लगेच उत्तर दिले, "झीज भरून यायला." मग नातीचीही झीजच झाली आहे, हे तिला माझ्यापेक्षा चांगले समजले. दुसऱ्या दिवसापासून वरण-भात, अंडे, दही सुरू झाले.

पू जंतूंमुळे होतो. डाळीने, अंड्याने, बटाट्याने किंवा भाताने होत नाही. हळद-दूध द्यायचे तर जरूर द्या, त्यातले दूध उपयोगाचे आहे. पेरू, आवळा, लिंबू जखमेसाठी चांगले. पथ्य असते ते ऑपरेशनच्या प्रकाराचे: टाळूच्या ऑपरेशननंतर काही आठवडे कडक, टोकदार खाणे, नळी किंवा चमचा तोंडात आत घालणे टाळायचे; टॉन्सिलनंतर मऊ आणि गार; आतड्याच्या ऑपरेशननंतर सर्जन सांगतील त्या क्रमाने. घरी सोडताना हा प्रश्न विचारा आणि उत्तर कागदावर लिहून घ्या: "काय द्यायचे नाही, आणि किती दिवस?" मुदत विचारायची राहते, आणि मग दहा दिवसांचे पथ्य दोन महिने चालते.

मदत कुठे मिळेल

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याची पथके अंगणवाड्या आणि शाळांत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात आणि जन्मजात व्यंग, हृदयाचे छिद्र अशा मुलांना पुढे पाठवतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत मुलांची अनेक ऑपरेशने बसतात. तुमचे ऑपरेशन बसते का हे योजनेतल्या रुग्णालयातले आरोग्यमित्र सांगतील. तारीख पुढे गेली तर नवी तारीख आणि कारण कागदावर लिहून मागा, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून रांग नको.

टाके काढायला जाल तेव्हा वजन करून घ्या, आणि नंतर दोन महिने दर पंधरा दिवसांनी. ऑपरेशनच्या आधीच्या वजनापेक्षा महिन्याभराने कमीच असेल तर जखम वरून सुकलेली दिसली तरी दाखवायला या. मूल सुस्त पडले, अंग गार लागू लागले, हिरवी उलटी झाली, पोट फुगले, लघवी सहा-आठ तास झाली नाही, जखमेतून पाणी किंवा पू येऊ लागला किंवा पायांवर सूज आली, तर सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका. रात्र असली तरी १०८ ला फोन करा आणि निघा, आणि निघताना डिस्चार्ज कार्ड बरोबर घ्या.